ट्रायकोकार्ड बांधले, पण माशीच्या नाकाचे काय?

— ऊस विकास अधिकारी



सुरू लागणी उरकत आल्या की गटऑफिसात ट्रायकोकार्डांची मागणी सुरू होते, आणि तिच्या मागोमाग एक ठरलेली तक्रारही येते. "साहेब, कार्डं बांधली, तरी पोंगे मेलेच." त्याला जोडून दुसरे वाक्य हमखास असते, "म्हणून मग एक फवारा मारून टाकला." कार्ड बांधल्यावर किती दिवसांनी मारला असे विचारले तर उत्तर मिळते, "असतील दोन-तीन दिवस." आता यात कार्ड कुचकामी निघाले, की आपण कामाला लावलेला गडी आपणच मारला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझे मत स्पष्ट आहे. आपण कार्डाला औषध समजतो आणि घोटाळा तिथेच होतो. औषध जिथे पडेल तिथे काम करते. कार्डातून निघणाऱ्या माशीला मात्र किडीची अंडी शोधत हिंडावे लागते, आणि ती शोधते मुख्यतः वासाने. तिचा हा वासाचा कारभार आपण समजून घेतला नाही, तर कारखान्याने कितीही कार्डे वाटली तरी तो कागदच वाटल्यासारखे आहे.

ट्रायकोग्रामा ही जातीने गांधीलमाशीच्या गोतातली, पण आकाराने अर्धा मिलिमीटर. शाईच्या ठिपक्याएवढी. आपल्याला डंख करत नाही, पिकाला तोंड लावत नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतली अळी पतंगाचे अंडे आतूनच खाऊन टाकते आणि सात ते दहा दिवसांत त्यातून खोडकिडीऐवजी नवी माशी बाहेर पडते. असे अंडे मध्यंतरी काळे पडते. आपल्याला मिळणाऱ्या कार्डावर जी काळी खसखस दिसते, ती म्हणजे तांदळावरच्या पतंगाची अशीच माशी भरलेली अंडी. एका कार्डावर साधारण वीस हजार असतात.

आता तिच्या पुढचे काम पाहा. खोडकिडीची मादी पतंग उसाच्या पानाच्या खालच्या अंगाला, माशाच्या खवल्यासारखी एकावर एक चढलेली चपटी पांढुरकी अंडी तीन ते पाच ओळींत घालते. चार ते सहा दिवसांत अळ्या निघतात, एक-दोन दिवस पानावर रेंगाळतात आणि जमिनीलगत कोंबात शिरतात. अळी एकदा आत गेली की ट्रायकोग्रामाचा तिच्याशी संबंध संपला. म्हणजे एवढ्या मोठ्या फडात, पानाच्या पालथ्या अंगाला, चार दिवसांच्या मुदतीत तिने ती अंडी गाठायची. डोळ्यांनी हे होणार नाही. आपल्यालाही होत नाही. भिंग घेऊन सरीत बसा, तास जाईल.

पतंग जिथे अंडी घालतो तिथे त्याच्या पंखांवरची, अंगावरची बारीक भुकटी, म्हणजे खवले, झडून पडतात. आपण पाकोळी बोटात धरली की बोटाला जी पूड लागते, तीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ज्यो लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२-७३ च्या सुमारास मक्याच्या कणसातल्या अळीच्या पतंगावर प्रयोग केले. त्यांना आढळले की या खवल्यांचा अर्क जिथे लावला तिथे ट्रायकोग्रामा जास्त अंडी शोधून काढते. अर्कातला मुख्य पदार्थ निघाला ट्रायकोसेन, तेवीस कार्बनांची साखळी असलेला एक मेणकट पदार्थ. माशीला तो लागला की तिची चाल बदलते. ती सरळ पुढे निघून जात नाही, चाल मंदावते, वारंवार वळते, त्याच जागी घोटाळत राहते. मांजर ज्या खोलीत दुधाचा वास आला ती खोली सोडत नाही, तसे. आणि अंडी तर तिथेच जवळपास असतात.

अशा वासांना शास्त्रज्ञांनी १९७० साली कैरोमोन असे नाव दिले. सोडणाऱ्याचा तोटा आणि हुंगणाऱ्याचा फायदा, असा तो वास. पतंगाला आपली पूड झडण्यापासून थांबवता येत नाही. चोराच्या अंगावरचा घोंगडीचा दशा कुंपणाला अडकून राहावा आणि त्यावरून माग लागावा, तसाच हा प्रकार आहे.

याच्याही पुढची गंमत अशी. पतंग रात्री हिंडतात, ट्रायकोग्रामा दिवसा. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी रात्री जो गंध सोडते, तो सकाळी हवेत कशाला राहील? पण हॉलंडमधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये कोबीवर्गातल्या पिकावर दाखवून दिले की तो गंध पानाच्या मेणचट पापुद्र्यात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी माशी तो हुंगून थांबते. रात्रीची खबर सकाळी मिळते. ट्रायकोग्रामाची आणखी एक जात कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या मादीला वासावरून ओळखते, तिच्या अंगावर चढून बसते आणि ती अंडी घालायला उतरली की आपणही उतरते, हे २००५ साली प्रसिद्ध झाले आहे. फुकट प्रवास आणि थेट मुक्कामी. हे दोन्ही प्रयोग कोबीवरच्या किडींवरचे आहेत, आपल्या खोडकिडीवरचे नाहीत, हे ध्यानात ठेवून वाचावे. पण नर पतंगांना फसवण्यासाठी आपण फडात जे कामगंध सापळे लावतो, त्यामागचे तत्त्व हेच. मादीचा वास चोरून आपण वापरतो, माशीसुद्धा चोरूनच वापरते.

अंडे सापडल्यावरही नाक थांबत नाही. ती अंड्यावर चालते, मिशांनी ठोकून पाहते आणि आत आधीच कुणी अंडे घातले आहे का ते तपासते. केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ साली दाखवले की जिच्यावरून दुसरी ट्रायकोग्रामा चालून गेली आहे अशी अंडी ती टाळते, आणि तीच अंडी धुऊन ठेवली तर मात्र घेते. म्हणजे पायाचा वास हाच तिचा शिक्का. स्लिपबॉयने नोंद घेतलेल्या प्लॉटला दुसऱ्याने पुन्हा नोंदवू नये, अशी ही व्यवस्था. आपल्याकडे ती कधीमधी चुकते, त्यांच्याकडे कमी चुकते.

हे झाले अंड्यापुरते. अळी आत शिरल्यावर काय? सुकलेला पोंगा आपण सगळेच ओढून पाहतो. तो अलगद हातात येतो आणि बुडाला आंबूस कुजकट वास मारतो. अनुभवी शेतकरी पोंगा न पाहता, नुसत्या वासाने सांगतो की खोडकीड आहे, पाण्याचा ताण नव्हे. जे आपल्या नाकाला कळते ते त्यांच्या नाकाला कितीतरी आधी कळते. स्टर्मिऑप्सिस नावाची एक माशी आहे, दिसायला घरमाशीसारखी. ती अळीच्या विष्ठेच्या वासावर छिद्रापाशी येते आणि तिथे अंडी न घालता जिवंत पिल्लेच सोडते. ती पिल्ले छिद्रातून आत सरकतात आणि अळीच्या अंगात शिरतात. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तिच्यावर बरेच काम झाले आहे.

दुसरी कोटेशिया फ्लेविपस. जुन्या पुस्तिकांत तिचे नाव अपँटेलिस असे सापडेल. ही आपल्या भागात ज्वारी-मक्याच्या खोडकिडीवरही असते. अळीने पोखरलेल्या खोडाचा आणि भुश्याचा वास तिला ओढून आणतो. मग ती स्वतः बोगद्यात शिरते, तिथे अळीचा चावा बसून बऱ्याच माश्या मरतात, पण जी पोचते ती एका अळीत तीस-चाळीस अंडी घालून जाते. पुढे अळीच्या कडेने पांढऱ्या कोषांचा कापसासारखा पुंजका दिसतो. ही माशी दक्षिण आशियातली, म्हणजे आपल्याच मुलखातली. ब्राझीलने ती १९७० च्या दशकात तिकडच्या ऊसपोखरणाऱ्या अळीसाठी नेली आणि आज तिथे लाखो हेक्टर उसात ती सोडली जाते. केनियाने १९९३ मध्ये पाकिस्तानातून नेली. आणि इकडे आपण कोषांचा पुंजका पाहिला तरी "ही कसली नवी कीड आली" म्हणून पायाखाली चिरडतो. हे मी अनेक फडांत पाहिले आहे.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पिकाची आहे, आणि ती तुलनेने उशिरा कळली. अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्यात टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि वर उल्लेखिलेले लुईस यांनी १९९० साली मक्याची रोपे घेतली. काही रोपांवर लष्करी अळीच्या गोतातली एक अळी सोडली, काहींची पाने नुसत्या ब्लेडने खरवडली. अळीने खाल्लेल्या रोपांनी काही तासांनी एक वेगळाच वास सोडायला सुरुवात केली, आणि त्या वासावर अळीची शत्रू माशी वळू लागली. नुसत्या खरवडलेल्या रोपांना तो वास आला नाही. पण खरवडलेल्या जागी अळीची लाळ लावली तर आला. त्या लाळेतला एक पदार्थ १९९७ मध्ये वेगळा काढला गेला, त्याला व्होलिसिटिन म्हणतात. म्हणजे रोपाला नुसती जखम नव्हे, कोण खात आहे हेही कळते, आणि ते हाका मारते. मुका म्हणून ज्याला आपण धरतो, ते पीक बोलते. आपल्याला ऐकू येत नाही एवढेच. मका आणि ऊस दोन्ही गवताच्या कुळातली भावंडे आहेत, आणि पोखरलेल्या उसाच्या वासावर कोटेशिया वळते हे ब्राझीलमध्येही पाहिले गेले आहे.

अशा वासाला, ज्यात सोडणाऱ्याचाही फायदा आणि घेणाऱ्याचाही, सिनोमोन म्हणतात. सहकारी चळवळीत वाढलेल्या माणसाला हा शब्द कैरोमोनपेक्षा जास्त जवळचा वाटायला हरकत नाही. केनियातले एक उदाहरण तर आपल्या गमतीचे आहे. तिथे मक्यात एक गवत आंतरपीक म्हणून लावतात. त्याला मळीसारखा वास येतो म्हणून इंग्रजीत त्याचे नावच मळीगवत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले की हे गवत, त्याला कुणी खाल्ले नसतानाही, खाल्लेल्या मक्यासारखी हाक मारत राहते, आणि शेजारच्या मक्यातल्या अळ्यांवर परोपजीवी माश्या वाढतात. काही तरुण सभासदांनी हे कुठेतरी वाचून मला विचारले, की आपण ते गवत आणू या का. माझे उत्तर, नको. घरची माणसे उपाशी ठेवून पाहुणे बोलावण्यात अर्थ नाही. आधी आपल्या रानातल्या माश्यांची नाके शाबूत ठेवू.

नाक शाबूत ठेवणे म्हणजे काय, ते आता सांगतो, कारण पैसा इथेच वाया जातो.

फवाऱ्याने माशी मरते हे सगळ्यांना पटते. पण औषधाचा अंश कमी पडला आणि ती मेली नाही, तरी तिचे काम बिघडते. न मारणाऱ्या मात्रेतही काही कीटकनाशकांमुळे परोपजीवी माश्यांची वास ओळखण्याची, जोडीदार शोधण्याची ताकद घटते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे माशी जिवंत, हिंडती-फिरती, आणि अंडी शेजारच्या पानावर असूनही तिला पत्ता नाही. शेतकरी म्हणतो, "माश्या तर दिसल्या हो, मग काम का नाही केलं?" म्हणून कार्ड बांधण्याच्या आधी आणि नंतर आठ-दहा दिवस फवारा बंद ठेवावा, हा माझा हट्ट आहे. सगळी औषधे सारखी घातक नाहीत. काही अळीनाशके मित्रकिडींना कमी त्रास देतात, आणि कीड हाताबाहेर गेली तर त्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण दुकानदाराने दिले म्हणून दोन औषधे एका पंपात मिसळून मारायची ही जी रीत पडली आहे, तिला माझा विरोध आहे. फोरेटच्या दाण्यांवर २०२० च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे. एक दाणेदार गेले म्हणून दुसरे शोधत बसण्यापेक्षा हा रस्ता तपासून पाहावा.

दुसरे, वेळ. पोंगे सुकलेले दिसल्यावर कार्ड मागायला येणे म्हणजे बारसे झाल्यावर सुईण शोधणे. लागणीनंतर साधारण महिन्याने, कामगंध सापळ्यात नर पतंग पडू लागले की पहिली कार्डे बांधावीत. माशी जगते थोडे दिवस, म्हणून एकदा बांधून भागत नाही. हेक्टरी सुमारे ५० हजार माश्या, दहा दिवसांच्या अंतराने, चार ते सहा वेळा. शिवाय ती फार लांब उडणारी नाही, वाऱ्याने जाईल तेवढीच. एक अख्खे कार्ड फडाच्या तोंडाशी बांधून मोकळे होणाऱ्याने आतल्या सऱ्यांची अपेक्षा धरू नये. तुकडे करावेत, दहा-बारा पावलांवर, पानाच्या खालच्या बाजूला, उन्हाआड, सकाळी किंवा दिवस कलल्यावर. मुंग्या असतील तिथे नको. आपल्याकडे प्रवराकाठी मार्च-एप्रिलचे ऊन काय असते ते वेगळे सांगायला नको, भर दुपारी मोटरसायकलच्या डिकीत दोन तास राहिलेले कार्ड फेकून दिलेले बरे.

तिसरे, पाचट. खोडव्यात पाचट पेटवले की खत जाते हे आता बऱ्याच जणांना पटले आहे. पण त्यात कोष, कोळी, ढालकिडे, पाकोळीवरच्या एपिरिकेनियाची अंडी, सगळा गोतावळा जळतो, आणि नव्या फुटव्यांना राखण कोणी उरत नाही. बांधावर चार सरी कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर राहू दिली, तर माश्यांना मध मिळून त्या चार दिवस जास्त जगतात. त्याला खर्च काही नाही.

चौथी गोष्ट एकट्याने होण्यासारखी नाही. आपल्या भागात आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा एकाच शिवारात बांधाला बांध लावून उभे असतात. एकाच्या आडसालीतला पतंग दुसऱ्याच्या सुरूत येतो, आणि एकाने सोडलेली माशी दुसऱ्याच्या फवाऱ्यात मरते. तात्या कार्ड बांधतात, त्याच आठवड्यात पलीकडचे नाना पंप उचलतात, अशाने दोघांचाही पैसा पाण्यात. निदान एका चारीवरच्या सुरू प्लॉटवाल्यांनी एकत्र बसून तारीख ठरवावी. २००२ साली राज्यात लोकरी मावा आला तेव्हा आपण सुरुवातीला मिळेल ते मारत सुटलो होतो. पुढे डिफा, मायक्रोमस हे भक्षक आणि ईशान्य भारतातून आणलेला एन्कार्शिया परोपजीवी यांनी तो आटोक्यात आणला. एन्कार्शिया जिथे सोडला नव्हता तिथेही आपोआप पोचला. पोचला तो वाऱ्यावर आणि आपल्या शोधक्षमतेवर, आणि टिकला तिथे, जिथे लोकांनी फवारे थांबवले होते.

आता थोडे आमच्या खात्याविषयी, कारण सगळे शेतकऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. शेतकी खात्याच्या अहवालात अमुक इतकी कार्डे वाटली असा आकडा असतो. हा आकडा मला अपुरा वाटतो. वाटलेले कार्ड हे काम नव्हे, काळे पडलेले अंडे हे काम. प्रत्येक गटात काही प्लॉट निवडून, कार्ड बांधल्यावर पाच-सहा दिवसांनी खोडकिडीचे अंडीपुंज शोधावेत, त्यात किती काळे पडले ते मोजावे आणि तो आकडा अहवालात यावा. कार्डांचे वाटपसुद्धा गाडी आली त्या दिवशी नको, सापळ्यात पतंग पडले त्या आठवड्यात हवे. यासाठी प्रयोगशाळेशी आगाऊ बोलून तारखा बांधून घ्याव्या लागतील, फिल्डमनला काही दिवस इतर कामातून मोकळे करावे लागेल. हे जमवणे अवघड आहे याची मला कल्पना आहे. तरी ते न करता केवळ कार्डांची संख्या वाढवण्याला माझी संमती नाही.

मेलेले पोंगे काढून नष्ट करावेत ही जुनी शिफारस योग्यच आहे. फक्त नष्ट करण्याआधी दहा-वीस फुटवे उभे चिरून पाहावेत. आत जिवंत अळी असेल तर मारावी. पांढऱ्या कोषांचा पुंजका किंवा तांबूस पिंपासारखा गुळगुळीत कोष असेल, तर तो फुटवा पुन्हा फडातच, सरीच्या बोदाला सावलीत ठेवावा. आणि पानाखाली काळा पडलेला अंडीपुंज सापडला, तर तेवढा पानाचा तुकडा कात्रीने कापून कागदाच्या पाकिटात घालून गटऑफिसला आणावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत पाणी सुटते. पाकिटावर गट नंबर, लागणीची तारीख आणि शेवटचा फवारा कधी व कशाचा झाला ते लिहावे. मोजणी झाली की त्यातून निघालेल्या माश्या तुमच्याच फडात सोडायला परत मिळतील.